औषधदान

"त्या जंतूंना शिकवलं कोणी?"

हे मी डॉक्टरला विचारलं, नर्सला विचारलं, रिपोर्ट देणाऱ्या माणसालाही विचारलं. ताई गेल्याच्या सातव्या दिवशी विहारात जाऊन भंतेजींना विचारलं.

ते ओसरी झाडत होते. झाडू थांबला नाही.

"कोणत्या जंतूंना, सुमेध?"

"ताईच्या रक्तातल्या. साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. चौथ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाला, जंतू रक्तात उतरलेत आणि ते सगळी औषधं शिकून बसलेत. कशालाच दाद देत नाहीत... शिकलेले जंतू! असं असतं का कुठं?"

"हातात काय आहे?"

एका हातात भट्टीवरची वीट होती. दुसऱ्यात पिशवी.

"वीट डॉक्टरसाठी. पिशवी तुमच्यासाठी."

"माझी आधी दे."

मी पिशवी ओतली. ताईचा रिपोर्ट आणि घरात उरलेल्या गोळ्यांची अर्धीमुर्धी पाकिटं. आमच्या वस्तीत उरलेल्या गोळ्या कोणी फेकत नाही. विहारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. औषधदान. कोणाला ताप आला की भंतेजी त्यातल्याच दोन-चार देतात. आम्हालाही देत आले. ताईच्या नावाने हे शेवटचं दान मला करायचं होतं.

भंतेजींनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

"वाच."

"मी चौथी नापास आहे."

"मी तिसरीतूनच पळालो. वाच."

"आर... आर... आर..." मी मान वर केली. "रत्नमालाचा आर. मला वाटलं, प्रत्येक औषधापुढे ताईचं नाव लिहिलंय. म्हणजे सगळी औषधं तिला देणार. मी नर्सच्या पाया पडलो, भंतेजी! मग डॉक्टर म्हणाला, आर म्हणजे हे लागू पडत नाही. हेही नाही. हेही नाही..."

भंतेजींनी एक पाकीट उचललं. रिपोर्टवर ठेवलं.

"अक्षरं जुळतात का बघ."

मी बोट फिरवलं. एकेक अक्षर. जुळलं.

पुढे आर.

दुसरं पाकीट. जुळलं. आर.

भंतेजींनी पाकीट उलटं केलं.

"या पाच दिवसांच्या गोळ्या. अर्ध्या का उरल्या?"

"ताप उतरला की ठेवून देतो आम्ही. कोणाच्या तरी उपयोगी..."

"गोळ्या उरल्या, तसे जंतूही उरले. अर्धं औषध चाखून. उरले ते शिकले. मागच्या महिन्यात आरोग्यसेविका हेच सांगून गेली." ते थांबले. "मी हसलो तिला."

"म्हणजे मी...? ताईला मी...?"

भंतेजी आत गेले. डबा आणून माझ्यापुढे उघडला. काठोकाठ भरलेला. सगळ्या वस्तीचे अर्धे ताप.

मग ते जमिनीवर बसले आणि मुंडण केलेलं डोकं माझ्यापुढे वाकवलं.

"वीट वर कर."

"भंतेजी, हे काय करताय!"

"डॉक्टरचं डोकं लांब आहे. हे जवळ आहे."

...

वीट हातातून कधी सुटली, कळलं नाही. माझ्याच पायावर पडली. तेही नंतर कळलं.

भंतेजींनी मान वर केली.

"दवाखान्यात जायचंच आहे ना तुला?"

मी मान हलवली.

"मग हा डबा घेऊन जा. तुझ्या पिशवीतलंही त्यात टाक. डॉक्टरच्या हातात दे."

ताईसाठी मी शेवटचं केलं ते एवढंच. डबा उराशी धरला आणि लंगडत निघालो.

फाटकापाशी मागून हाक आली.

"सुमेध... डॉक्टरने विचारलं, यांना शिकवलं कोणी..."

मी थांबलो.

"तर पहिलं नाव माझं सांग."