दहा पावलांचा गूळ

कोणे एके काळी मुंग्यांच्या एका वारुळाला दोन दारं होती. बाहेर पडलेला गुळाचा खडा उगवतीच्या दारापासून दहा पावलांवर होता, मावळतीच्या दारापासून बारा. मुकादमीण मुंगीचा नियम होता की पावलं दाराबाहेरचीच मोजायची. घरातलं चालणं म्हणजे काय चालणं?

ठमी मुंगी मावळतीच्या दारातच उभी होती. "मुकादमीणबाई, मी इथूनच जाते की!"

"बारा पावलं? चैनच आहे बाईंची! उगवतीच्या दारानं जा."

ठमी वळणावळणाच्या बिळांतून तीनशे पावलं तुडवत उगवतीच्या दारात पोचली, तर समोर डोंगळ्यांनी गूळ केव्हाच फस्त केलेला. तशीच उलट पावली ती धापा टाकत परतली.

मुकादमीण कडाडली, "दाराबाहेर एक पाऊल टाकलं नाहीस आणि दमलीस कशानं गं?"