शमनचाचांची वाफेची सिगारेट

“...मग मी जाऊ कधी, तेवढं तरी सांगा की!”

रणधीर चौगुलेनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. शमनचाचा मिस्त्री एका टॉर्चचं भिंग पुसत होते. पुसत राहिले.

कुरुंदवाडात दर्ग्यामागं पत्र्याचं एक खोपटं होतं, तेच चाचांचं दुकान. टॉर्च, रेडिओ, मोबाईल, वजनकाटा, बॅटरीवर जे म्हणून चालतं ते सगळं तिथं यायचं. रणधीर चार वर्षांपूर्वी त्यांचा चेला म्हणून आला, तो आयटीआयचा कागद घेऊनच आला. कागद चांगला असतो. भिंतीवर शोभतो.

आता जयसिंगपूरच्या स्टँडजवळ त्यानं स्वतःचा गाळा घेतला होता. पाटी रंगवून झाली होती. गुरुवारी नारळ फोडायचा.

अडलं होतं एकाच गोष्टीवर. या धंद्यात तिकडची रीत अशी, की उस्तादानं आपल्या हातानं तारा जोडायची सोल्डरची गन दिल्याशिवाय चेल्यानं वेगळं बसायचं नाही. बसलाच, तर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, “गन कुणी दिली?” उत्तर आलं नाही की आणलेली वस्तू पिशवीत घालून चालायला लागतं.

“जा की,” चाचा म्हणाले. “आधी माझी ही वस्तू नीट करून दे, मग जा.”

वस्तू म्हणजे वाफेची सिगारेट. चाचांची बिडी सुटावी म्हणून भाच्यानं दुबईहून आणलेली. आपल्याकडं आणायला बंदी आहे म्हणे. भाचे ऐकतात होय? पत्र्याचं खोकं, आत बोटाएवढा सेल, दोन तारा, एक बारकी पट्टी. वर नळी. बटण दाबलं की वाफ येते. ही दोन झुरक्यांत बंद पडायची. चाचा परत बिडीवर आले होते आणि खोकला परत चाचांवर.

रणधीर हसला. “एवढंच व्हय? जेवायच्या आत देतो.”

जेवण झालं. दुपार कलली...

तारा नव्यानं सोल्डर केल्या. बटण बदललं. मीटर लावला, सेल भरलेला. खोकं उघडं असलं की चालायचं. झाकण आवळलं की दोन झुरके, आणि गप्प. उघडलं, चाललं. आवळलं, गप्प. बाकड्याखाली त्याचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता.

“पाय आवर. माझं भिंग हलतंय.”

“तुमच्या वस्तूत भूत बसलंय चाचा.”

“भूत असतं तर दर्ग्यातल्या फकिराला दिली असती. तुला कशाला देऊ?”

गाळ्यावरून पेंटरचा फोन आला. रणधीरनं उचलला नाही. परत आला. त्यानं फोन उलटा करून ठेवला, उठला, बसला, पाणी प्यायला, परत बसला.

चार वाजता त्यानं चिमटा घेतला, ती बारकी पट्टी उपटली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्या जागी तांब्याच्या तारेचा केसाएवढा तुकडा टाकून दोन्ही टोकं जोडून दिली. झाकण आवळलं. बटण दाबलं.

वाफ.

परत दाबलं. वाफ. तिसऱ्यांदा दाबलं. भसाभसा वाफ.

खोकं हाताला जरा कोमट लागलं. लागू दे.

“ही घ्या. झाली!”

“बिघाड कुठं होता?”

“पट्टीत.”

“पट्टी काय करत होती?”

“सारखी बंद करत होती. उपटून टाकली. आता कोण बंद करतंय ते बघू.”

“का बंद करत होती?”

“खराब असणार.”

“असणार...”

“चाचा, चालतीय ना? मग झालं की. गन द्या. साडेचारची एसटी आहे माझी.”

चाचांनी हात पुढं केला.

दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू ते आधी कानाशी धरून ऐकत. मग वास घेत. मग स्वतः उघडून बघत, मग ती पंतप्रधानाची असो की मेंढक्याची. आज त्यांनी यातलं काही केलं नाही. “बिस्मिल्ला” म्हणाले आणि सरळ नळी ओठांत धरली.

अंगठा बटणावर गेला...

रणधीर बघत होता. पांढरी दाढी. सुरकुतलेले ओठ. मिटत आलेले डोळे.

पहिल्याच महिन्यात शिकलेली गोष्ट त्याला तेव्हा आठवली. पट्टी उगाच बंद करत नसते. तार कुठं तरी सोलली जाते, पत्र्याला चिकटते, तेव्हा सेल पेटू नये म्हणून पट्टी मधे पडते. झाकण आवळलं की तार दबते. दबते आणि लागते. गेल्या साली असाच एक सेल याच बाकड्यावर फुटला होता. फळीला तळहाताएवढं भोक पडलं होतं. सागवानी फळीला.

हे तर नुसतं तोंड...

त्याचा हात सुटला.

फाडकन आवाज झाला. खोकं उडून भिंतीवर आपटलं, झाकण निघून पडलं. आतली तांब्याची तार चकाकली. चाचांच्या ओठातून रक्त आलं.

उस्तादावर हात टाकला होता. तोंडावर.

रणधीरनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “चाचा... मला ठाऊक होतं ओ. म्हणजे ठाऊक आहेच मला. घाईत... एसटी...”

चाचांनी उपरण्यानं ओठ पुसला. रक्त किती आलंय ते बघितलं. मग सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली आणि ती बारकी पट्टी काढून बाकड्यावर ठेवली. कचऱ्यातून कधी उचलली होती, देव जाणे.

रणधीरचा आवाजच चढला. “तुम्ही बघितलं होतं! मग तोंडाला कशाला लावली? फुटली असती म्हणजे?”

चाचांनी पट्टीवरची धूळ फुंकली.

“बोला की!”

चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. खिळ्याला टांगलेली सोल्डरची गन काढली. टोक फडक्यानं पुसलं. वायर नीट गुंडाळली. आणि दोन्ही हातांनी रणधीरच्या पुढं धरली.

रणधीरनं हात मागं ओढले. “नको. माझी लायकी न्हाई.”

“लायकी तू ठरवणार का मी? धर. हात दुखाय लागले माझे.”

त्यानं धरली. गन छातीशी घेऊन तो भिंतीकडच्या त्या खोक्याकडं बघत राहिला.

“पण उस्ताद... काम तर झालंच न्हाई. वस्तू बिघडलेलीच आहे की.”

चाचांनी फुटक्या ओठांत बिडी धरली. काडी ओढली. खोकून घेतलं.

“ती मी करतो. तिला काय... अर्ध्या तासाचं काम.”