कुमुदचा प्रश्न

"मग दोष कोणाचा, अक्का? माझा की तिचा?"

कृष्णाकाठच्या मठात अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीधरराव नाडगौडा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. अक्कांचे जुने शिष्य. नीट शोधलं की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सापडतं, या गुर्मीतच ते मठात येत.

दिवाळीनंतर त्यांची बायको गेली. कुमुद. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. "हा एका विषाणूमुळे होतो, शरीरसंबंधातून येतो," असं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या आणि त्यापुढचं काही श्रीधररावांच्या कानात शिरलंच नव्हतं. त्या दिवसापासून ते कुमुदशी कामापुरतं बोलू लागले. औषधं आणून द्यायचे, दवाखान्यात न्यायचे. बाकी काही नाही.

"साऱ्या जगाची माहिती काढली मी," ते म्हणाले.

"काय दिसलं?"

"विषाणू सगळीकडेच आहे, अक्का. श्रीमंत देशांत, गरीब देशांत... बहुतेकांना कधी ना कधी गाठतो आणि आपोआप निघूनही जातो. एखाद्याच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं दडून बसतो."

"म्हणजे बायका सगळीकडे सारख्याच मरतात?"

"नाही... जिथं मुलींना लस मिळते, बायकांची वेळच्या वेळी तपासणी होते, तिथं फार कमी. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत, आपल्याकडे..."

ते अडखळले.

"कुमुदची तपासणी करून घेतली होतीस?"

"कधीच नाही. सुचलंच नाही."

"आणि कुणाकडून आला, ते कळतं?"

"नाही कळत. कुणाकडून, कधी... काहीच सांगता येत नाही. माझ्याकडूनही आला असेल." त्यांचा आवाज खाली गेला. "डॉक्टरीणबाई त्याच दिवशी हे सांगत होत्या. मी ऐकलं नाही."

अक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

"शेवटी शेवटी तिनं एकदा विचारलं... अहो, माझं काय चुकलं? मी उठून पलीकडच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरवर देशादेशांचे आकडे बघत बसलो."

अक्कांचे हात थांबले.

खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"आता मला उत्तर ठाऊक आहे," श्रीधरराव म्हणाले. "तिचं काहीच चुकलं नव्हतं."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भिंतीशी उभा केलेला पाट त्यांनी आणला आणि श्रीधररावांच्या समोर मांडला. पदरानं पुसला.

"सांग तिला."

श्रीधरराव रिकाम्या पाटाकडे बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी डोळे झाकून घेतले.

"अक्का... इथं तर कुणीच नाही."

"तेव्हा होती."