जावयाचं तोंड आणि कुड्याची साल

देवीच्या पायऱ्या चढलात की डाव्या हाताला कट्टा लागतो. त्यावर नवं धोतर नेसून, वाटीकडे बघत बसलेला तो गडी गावचा नवा जावई. त्याला आधी कुड्याचा काढा, मग शिरा. हसताय काय? याच काढ्यापायी एका आईचा जीव टांगणीला लागला होता.

असं सांगतात की फार पूर्वी इथे आवडाई नावाची वैदीण होती. पोटात मुरडा येऊन रक्त पडू लागलं की माणसं तिचंच दार गाठत. कुड्याची साल उकळून ती काढा देई, आणि तिच्या हाताला गुण होता. एका वर्षी तीच साथ तिच्या घरात शिरली. माहेरी आलेली एकुलती लेक चंद्री अंथरुणाला खिळली. आवडाई तिच्या उशाशी बसली आणि साल आणायला जावई धाकू डोंगरावर गेला.

दोन दिवस काढा पाजला, पण उतार पडेना. आवडाईच्या हाताचा गुण गेला, असं गाव कुजबुजू लागलं. ती बिचारी चुलीपुढे बसून रडली म्हणे.

तिसऱ्या दिवशी चंद्रीने वाटी रिकामी केली आणि ओठ चाटले. आवडाई चमकली. लहानपणी हाच काढा पाजताना ही पोरगी घर डोक्यावर घ्यायची! तिने वाटीत बोट घालून चाटलं. कडूपणा नावालाही नव्हता.

डोंगरावर कुडा दोन जातींचा, एक कडू नि गुणाचा, दुसरा गोडा नि बिनगुणाचा; दिसायला सख्खी भावंडं. धाकूने दोन्ही साली चावून मुद्दाम गोड्याची साल आणली होती.

"तिचं तोंड कडू करवेना, आई," तो मान खाली घालून म्हणाला.

आवडाईचा राग तिथेच निम्मा विरघळला.

"आता कडू आण," ती म्हणाली. "आणि आधी तू पी, तिच्यासमोर."

तो धावत जाऊन आला. काढ्याचा घोट घेतला मात्र, डोळे मिटले, नाक वर गेलं, कान हलले. तीन दिवस न बोललेली चंद्री खुदकन हसली, आणि हसता हसता प्यायली. चौथ्या दिवशी तिने पेज मागितली. आवडाईने देवीपुढे शब्द दिला की यापुढे साल जावयाच्याच जिभेवर पारखायची.

हल्लीची शिकलेली पोरं त्या कडूपणाला अल्कलॉइड म्हणतात. म्हणोत. आजही सासू जावयाचं तोंड निरखते. वाकडं झालं नाही, तर त्याला पुन्हा डोंगरावर पिटाळतात. गेल्या साली दशावतारात राजा होणारा एक जावई आला. त्याने चेहरा जराही हलू दिला नाही, आणि तीन खेपा घातल्या.

बायको मात्र समोर उभी लागते. ती हसली, की काढ्याची वाटी तिच्या हातात.