नदीनं म्हाळसेला काय दिलं

फार जुनी गोष्ट हं. एका नदीकाठच्या गावात म्हाळसा नावाची बाई राहायची. तिला एकच लेक, येसू. एवढीशी, पण भारी बडबडी.

एकदा काय झालं, गौरी बोळवायला साऱ्या बायका नदीवर गेल्या. गाणी चालली होती, फुगड्या चालल्या होत्या. येसू पाण्याच्या कडेला गेली. हिला वाटलं ती बघतेय, तिला वाटलं ही बघतेय. बघत कुणीच नव्हतं. येसूचा पाय घसरला आणि पोर वाहून गेली.

म्हाळसा काठावरच बसून राहिली. जेवेना, उठेना. मग नदीच बोलायला लागली, बरं का. म्हणाली, "बाई, गेलेलं लेकरू मला परत देता येत नाही. पण गावातलं कुठलंही पोर संकटात आलं, की माझी खळखळ तुझ्या कानात वाजेल. मग तू धाव."

मग दिवाळी आली. कानात खळखळ वाजली. म्हाळसा धावली. चिमीचा परकर पणतीवर लोंबत होता, तिला झटकन उचलून घेतलं. मग संक्रांत आली. धोंडू पतंगाकडे बघत मागे मागे चालला होता, गच्चीच्या अगदी कडेला. त्याला मागून धरलं. मग उन्हाळा आला. बिनकठड्याच्या विहिरीत दोन जुळी वाकून बघत होती. त्यांना ओढून बाजूला घेतलं.

पण दर वेळी मूल कुशीत आलं, की तिला येसू आठवायची. मूल आईच्या हाती द्यायची आणि रिकाम्या हातांनी घरी जायची.

जुळ्यांची आई धुरपदा एकदा तिच्या मागोमाग गेली. बघते तर काय, म्हाळसा दाराआड रडतेय. धुरपदा म्हणाली, "म्हाळसाबाई, आमची पोरं तुम्ही एकटीनं का सांभाळायची? आम्ही काय नुसत्या फुगड्या घालायच्या?"

मग विहिरीला कठडा बांधला. सणावाराला कुणीतरी एक मोठं माणूस पोरांपाशी बसायला लागलं. दुसरं काम नाही, नुसती नजर ठेवायची. पोरं मोठी झाली, म्हातारी झाली, सुखानं नांदली.

"आणि येसू? ती नाहीच आली, आजी?"

नाही रे राजा. नाही आली. पुढच्या गौरींना म्हाळसा नदीवर गेली, तेव्हा धुरपदा तिचा हात धरून बसली.

चला, सरका आत. पांघरूण घ्या. डोळे मिटा आता, मी आहे जागी.