झेफाआईचा साक्षीदार

सातासमुद्रापलीकडं ब्राझील देशात एका टेकडीवर झेफाआई नावाच्या पुजारिणीचं देऊळ होतं, साध्या मातीच्या भिंतींचं. तिच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणलं, तेव्हा त्यांनी मनात दडवून आणलेले देव तिथं बसवले होते. एके दिवशी ‘हे देव सैतानाचे’ म्हणत गावातल्या वाल्दिरच्या टोळक्यानं ते पेटवलं. ढोल वाचवताना म्हाताऱ्या ढोलवाल्याचे दोन्ही हात जळाले.

कोर्टात वाल्दिरचा वकील म्हणाला, “देऊळ कसलं? ना पोथी, ना शिखर. कोंबड्यांचं खुराडं होतं ते!”

न्यायाधीशानं मान डोलावली. “आमच्या राज्याला सगळे धर्म सारखे, बाई. पण देऊळ असल्याची साक्ष आणा. नाहीतर मी खुराडंच लिहीन, मग तिथं पुन्हा देव बसवता येणार नाहीत.”

शेजारीपाजारी तर भीतीनं दारं लावून बसलेले. झेफाआईनं वाल्दिरकडे बोट केलं. “हा माझा साक्षीदार.”

सगळे हसले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काय रे, देवाचं नाव घेत, मशाली नाचवत एवढी टेकडी चढलास, ती कोंबड्या जाळायला? गावभर मिरवतोस ती मर्दुमकी हीच होय?”

वाल्दिर लालबुंद झाला. वकील दंड धरून ओढत होता, तरी तो उठलाच. “खुराडं? तुझे देव होते आत! देऊळ जाळलंय मी, देऊळ!”

झेफाआई न्यायाधीशाकडे वळली.

“लिहा साहेब,” ती म्हणाली. “जाळणाऱ्याला देऊळ ओळखता आलं. न्याय देणाऱ्यालाच तेवढं येईना.”

न्यायाधीशानं खाली मान घालून ‘देऊळ’ लिहिलं.

भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, देवही बसले. ढोलवाल्याचे हात मात्र गेले ते गेलेच. पूजेला तो ढोलापाशी बसतो आणि तोंडानं ठेका सांगतो.