करडईवरच्या उसन्या अळ्या

शके एकोणीसशे नऊ, मार्गशीर्ष वद्य पंचमी. चार दिवस आभाळ भरलेले होते आणि करडईवर रस शोषणारा बारीक किडा, मावा, पडला होता.

भुजंग हा रंभाजीआबांचा शिष्य. शेती शिकायला येऊन त्याला दोन वर्षे झाली होती. आबांनी बजावले होते, या एकरातली करडई फवारणीवाचून राखलीस तर पुढल्या साली रान तुझ्याकडे. नाहीतर घरी जायचे.

भुजंगने धावाधाव केली. शेजारच्या सोजरबाईंच्या रानात लाल ठिपकेदार ढालकिडे फार, आणि त्यांच्या अळ्या मावा खातात हे त्याला ठाऊक होते. बाईंनी तंबाखूच्या डबीत चाळीस अळ्या घालून दिल्या, चाळीसच परत आणायच्या या बोलीवर. त्याने त्या बांधाकडच्या दहा झाडांवर सोडल्या.

तिसऱ्या दिवशी पाहिले तर अळ्या मरगळलेल्या, आणि उरलेल्या एकतीस. बाईंनी आळशी माल दिला, अशी तक्रार घेऊन तो आबांकडे गेला.

आबांनी सगळ्या अळ्या एकेक वेगळ्या पानात गुंडाळून परत डबीत भरायला लावल्या. मग एक पान तोडले. त्यावरचा मावा फुगून तपकिरी झाला होता, हलत नव्हता. पान बाटलीत घालून त्यांनी तिच्या तोंडाला फडके बांधले आणि भुजंगला तिच्यापुढे बसायला सांगितले. मेलेल्या माव्याची राखण करीत तो दोन दिवस बसला. येणारेजाणारे विचारू लागले, कोण वारले म्हणून.

पुढच्या सकाळी एका माव्याच्या पाठीला गोल झाकण उघडले आणि मुंगीहून बारीक काळी गांधीलमाशी बाहेर आली.

आबा म्हणाले, "हिची आई तुझ्या आधी आली. जिवंत माव्यात अंडं घालून गेली. आतलं पिल्लू मावा पोखरून खातं. तुझ्या रानातला बहुतेक मावा असाच संपला. तू पाहुण्यांना टरफलांच्या पंगतीला बसवलंस. पोट भरेना, तेव्हा ते एकमेकांना खाऊ लागले."

"मग मी काय करायला हवं होतं, आबा?"

"बघायला. मदत बोलवायच्या आधी, कोणी कामाला लागलंय का ते."

भुजंगने खालमानेने रानाचे विचारले.

"रान देईन. आधी उसनं फेड."

दिवसभर हिंडून त्याने रस्त्याकडच्या, जिवंत माव्याने भरलेल्या रुईवरून नऊ अळ्या गोळा केल्या. डबीत पाहून सोजरबाई म्हणाल्या, "ह्या नऊ जाड कशा रे?"

"त्या जेवलेल्या आहेत, काकू."

बाईंनी चाळीस मोजून घेतल्या.